मृतांच्या तसबिरी आणि त्यांची नावे

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त ही स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा सर्व कुटुंबांस आम्ही एक विनंती केली की, घरी जी काही जुनी छायाचित्रे असतील ती थोड्या दिवसांपुरती आमच्या स्वाधीन करावी. विनंतीस मान देऊन लोकांनी ट्रंका उघडल्या, कपाटांचे वरचे खण उपसले, कित्येकांनी तर येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे खोचून ठेविलेली पाकिटेही आणून दिली. पाहता पाहता आमचे टेबल भरून गेले. परंतु छायाचित्रांखाली छापावयाच्या ओळी लिहू लागलो तेव्हा मोठीच पंचाईत उभी राहिली. दहांतील सात छायाचित्रांची पाठ कोरी होती. मुद्रा स्पष्ट, पोशाख स्पष्ट, कोटाची बटणेदेखील मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. मात्र ही माणसे कोण, हे सांगणारे अक्षर कोठेच नव्हते. ज्यांच्या घरातून चित्र आले त्यांस विचारावे, तर उत्तर मिळे, "आमच्यापैकीच कोणीतरी असतील."

"आमच्यापैकीच कोणीतरी" ह्या दोन शब्दांनी आमच्या मनास चटका लावला. ज्या माणसांच्या घामातून ही मंडळी उभी राहिली, ती दोन पिढ्यांत "कोणीतरी" व्हावी, ही साधी गोष्ट नव्हे. म्हणून स्मरणिकेच्या ह्या पृष्ठांत मृतांच्या तसबिरी व त्यांची नावे ह्या विषयीचा थोडासा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

दिवंगतांचे स्मरण ही मनुष्यमात्राची जुनी वृत्ती आहे. आपल्या कोल्हापुरात भाद्रपदाच्या वद्य पक्षात घरोघरी पितरांची आठवण होते. पंचगंगेच्या घाटाकडे गेल्यास राजघराण्यातील पुरुषांच्या समाध्या दृष्टीस पडतात. ख्रिस्तसभेत हा मान नोव्हेंबर महिन्यास आहे. पहिल्या तारखेस सर्व संतांचा सण होतो आणि दुसऱ्या तारखेस सर्व मृत भाविकांचे स्मरण होते. ही दुसरी तारीख क्लुनी येथील मठाचे अधिपती संत ओडिलो ह्यांनी इ. स. ९९८ च्या सुमारास आपल्या मठांकरिता नेमून दिली, आणि तेथून ती हळूहळू सर्व पाश्चात्य ख्रिस्तसभेत मान्य झाली. पुढे पहिल्या महायुद्धात लक्षावधी माणसे प्राणास मुकत असता, १९१५ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनी सर्व धर्मगुरूंस त्या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची मोकळीक दिली. त्या दिवशी आपण कबरस्थानात जातो, गवत उपटतो, क्रूसास चुना देतो, मेणबत्त्या लावतो आणि फुले वाहतो. ह्या फुलांत झेंडूचे फूल बहुधा असतेच.

आता हा झेंडू मूळचा कोठला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. दसऱ्यास आपल्या दारावर ज्याचे तोरण चढते, देवाच्या व मृतांच्या दोघांच्याही माळेत जो सारख्याच सहजतेने ओवला जातो, तो आपला म्हणून आपण समजतो. पण त्याची जन्मभूमी समुद्रापलीकडील मेक्सिको देश होय. तेथे त्यास सेंपासुचिल म्हणतात, आणि तेथेही तो मृतांचेच फूल आहे. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी तो देश जिंकला. १५२४ साली बारा फ्रान्सिस्कन मिशनरी तेथे उतरले. त्यांनी नेलेला नोव्हेंबरचा सण आणि त्या भूमीतील रहिवाशांच्या पूर्वजस्मरणाच्या चाली ह्यांचा कालांतराने मिलाफ होऊन तेथे मृतांचा एक मोठा उत्सव निर्माण झाला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या युनेस्को संस्थेने २००८ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला आहे.

ह्या उत्सवात प्रत्येक घरी एक वेदीसारखी मांडणी करितात. पायऱ्यापायऱ्यांवर मेणबत्त्या, पाण्याचा पेला, मीठ, धूप, त्या दिवसासाठी भाजलेला खास पाव आणि मृताला जिवंतपणी आवडत असलेला पदार्थ ठेवितात. पहिली तारीख बालकांच्या आठवणीची व दुसरी वडीलधाऱ्यांची. आणि ह्या सर्व मांडणीच्या मध्यभागी, झेंडूच्या राशीत, मृताची तसबीर असते. बायका मुलांस जवळ बसवून सांगतात, ही तुझी पणजी, तिचे नाव अमुक, ती असे असे गाणे म्हणत असे. येथे आमच्या विषयाचा गाभा आहे. तसबीर मांडणे हे त्या विधीचे अर्धे अंग झाले. नाव घेणे हे दुसरे अर्धे अंग होय.

छायाचित्रणाची कला पॅरिस येथे १८३९ साली जगजाहीर झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिची यंत्रे मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ बंदरात उतरली. आपल्या मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची एक संस्थाच स्थापन झाली. आरंभीच्या काळी फोटो काढून घेणे म्हणजे एक लहानसे संकटच असे. काचेवर ओली रसायने चढवावी, समोर बसलेल्या मनुष्याने कित्येक क्षण पापणी न लववता निश्चल राहावे, मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी टेकू द्यावा, अशी ती तऱ्हा होती. म्हणूनच जुन्या चित्रांतील माणसे एवढी गंभीर दिसतात. ती दुःखी नव्हती, केवळ स्थिर होती. पुढे कोरड्या काचा निघाल्या, काम सुलभ झाले, तरी गरीब घरी सबंध आयुष्यात एक किंवा दोनच फोटो निघत. पुष्कळांचा तर पहिला फोटो हाच शेवटचाही असे, कारण तो देहावसानानंतर निघे. मेक्सिकोत दिवंगत बालकांस संत जोसेफाचा अथवा निष्कलंक मातेचा पोशाख घालून, आईबापांच्या मांडीवर ठेवून छायाचित्र काढण्याची चाल होती. अशा बालकांस ते "छोटे देवदूत" म्हणत. आपल्याकडेही शेवटचा फोटो काढून ठेवण्याची रीत अपरिचित नव्हती. ज्या आईपाशी लेकराचे दुसरे काहीच उरत नाही, तिला तो कागद सोन्याहून मोलाचा वाटतो, ह्यात नवल ते काय?

मेक्सिकोच्या ग्वानाह्वातो शहरी रोमुआल्दो गार्सिया ह्या नावाचे एक छायाचित्रकार होऊन गेले. त्यांचा जन्म १८५२ चा. त्यांच्या चित्रशाळेत खाणमालक येत तसे खाणमजूरही येत, नववधू येत तसे मृत बालकांस घेऊन आईबापही येत; आणि सर्वांस ते त्याच पडद्यापुढे, त्याच आदराने बसवीत. १९०५ साली त्या शहरास महापुराने वेढिले आणि त्यांच्या काचांचा पुष्कळसा संग्रह चिखलात गेला. जे उरले ते आज तेथील संग्रहालयात जपले आहे. ते पाहून मेक्सिकोचे लोक आपल्या आजोबा-पणजोबांचा काळ ओळखतात. परंतु त्या चित्रांतील कित्येक माणसांची नावे आज कोणास सांगता येत नाहीत. मुद्रा उरली, नाव बुडाले.

महापूर म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांस परक्या देशावरून शिकावयास नको. २००५, २०१९ आणि २०२१ ह्या तीन वर्षी पंचगंगेने काय केले ते आम्ही सर्वांनी पाहिले आहे. पाणी ओसरल्यावर लोक प्रथम भांडी व गाद्या बाहेर काढतात. आल्बमांकडे लक्ष जाते तोवर पाने एकमेकांस चिकटून बसलेली असतात. आमच्याकडे आलेल्या काही छायाचित्रांवर अशा पाण्याच्या रेषा अद्याप दिसतात. एका चित्रात तर वराची मुद्रा सर्वस्वी धुऊन गेली असून वधू तेवढी उभी आहे.

ह्या नगरीने चित्रकलेची व तसबिरींची मोठी हौस बाळगली आहे, ही गोष्ट येथे नमूद करणे अगत्याचे आहे. आबालाल रहिमान ह्यांच्यासारखे थोर चित्रकार येथे होऊन गेले. आनंदराव व बाबूराव पेंटर ह्या बंधूंनी नाटकांचे पडदे रंगविता रंगविता कॅमेऱ्याचा नाद घेतला. आनंदराव १९१६ साली वारले, पण बाबूरावांनी तो नाद सोडला नाही, आणि १९२० साली त्यांचा "सैरंध्री" हा मूकपट निघाला. अशा नगरीत घरोघरी भिंतीवर पूर्वजांची तसबीर असावी व तिला हार असावा, हे स्वाभाविकच होते. हिंदू घरी ती देवघराजवळ असे, मुसलमान घरी बैठकीत असे आणि आपल्या घरी पवित्र हृदयाच्या चित्राखाली असे, एवढाच काय तो भेद.

परंतु तसबिरीने सर्व काही साधते काय? ह्याविषयी आमच्याच राजघराण्यातील एक हृद्य उदाहरण आहे. छत्रपती राजाराम महाराज हे १८७० साली युरोपच्या प्रवासास गेले. स्वदेशी परत येत असता इटलीतील फ्लॉरेन्स नगरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते निवर्तले. वय अवघे विशीचे. आर्नो व मुन्योने ह्या नद्यांच्या संगमावर त्यांस हिंदू विधीने अग्नी देण्यात आला. त्या जागी १८७४ साली एक स्मारक उभे राहिले. त्यातील अर्धपुतळा शिल्पकार फुलर ह्यांनी घडविला, आणि वरील छत्रीची रचना मेजर मँट ह्यांनी केली. हेच मँट पुढे आमच्या नव्या राजवाड्याचे शिल्पज्ञ झाले. पुतळा सुबक आहे, रंगविलेला आहे, नाव कोरलेले आहे. तरीही फ्लॉरेन्सचे लोक त्या स्मारकास "इंडियानो", म्हणजे "तो हिंदी मनुष्य", एवढेच म्हणतात. १९७८ साली जवळच बांधलेल्या मोठ्या पुलासही तेच नाव पडले. मुखावर ऊन पडते, पाऊस पडतो, शेकडो लोक रोज ते पाहतात. पण त्यांस नावाने हाक मारणारे मनुष्य कोल्हापूरचेच असावे लागते.

आता ह्याच्या अगदी उलट उदाहरण पाहू. ते आमच्या ख्रिस्तसभेतील असून त्यात आमचा महाराष्ट्र आणि वर सांगितलेला मेक्सिको देश हे दोन्ही एकत्र येतात. वसई येथे १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता वसईकडील. व्यापारानिमित्त ते पूर्वेकडे गेले, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले, आणि जपानी भाषा उत्तम येत असल्याने १५९३ साली दुभाषी होऊन जपानात गेले. १५७२ साली मेक्सिको नगरीत जन्मलेले फेलिपे हे फ्रान्सिस्कन बंधू १५९६ साली गुरुदीक्षा घेण्याकरिता मनिलाहून स्वदेशी निघाले होते. वादळाने त्यांचे जहाज जपानच्या किनाऱ्यास लोटले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांस क्रूसावर चढवून मारण्यात आले. त्यांत वसईचे गोन्सालो आणि मेक्सिकोचे फेलिपे हे दोघेही होते. १६२७ साली त्यांस धन्य व १८६२ साली संत म्हणून घोषित करण्यात आले. एक हिंदुस्थानचे पहिले संत, दुसरे मेक्सिकोचे पहिले संत. एकाच दिवशी, एकाच टेकडीवर त्यांनी देह ठेविला.

ह्या दोघांची मुखे कशी होती? कोणीही सांगू शकत नाही. त्या काळी कॅमेरा नव्हता. मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथील कॅथीड्रलच्या भिंतींवर ह्या हुतात्म्यांची प्रचंड चित्रे आहेत. चुन्याच्या थरांखाली दडून गेलेली ती चित्रे विसाव्या शतकाच्या मध्यास डागडुजी चालू असता उघडकीस आली. त्या चित्रांत आमचे वसईकर गोन्सालोही त्या २६ जणांत आहेत. पण चितारणाऱ्याने त्यांस कधी पाहिले नव्हते. मुद्रेचा पत्ता नाही. तरी ४२५ वर्षांहून अधिक काळ लोटला असता त्यांचे नाव वेदीवर घेतले जाते, वसईतील महाविद्यालयास दिले जाते, बाप्तिस्म्याच्या वेळी लेकरांस ठेविले जाते. मुखे गेली, नावे राहिली. आणि आमच्या टेबलावरील छायाचित्रांचे काय? मुखे राहिली, नावे गेली. ह्या दोहोंत अधिक सुदैवी कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

मेक्सिको आणि कोल्हापूर ह्यांस जोडणारा आणखी एक धागा आहे, आणि तो आमच्या वेशीवरच आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियाने पूर्व पोलंडमधून लक्षावधी लोकांस सैबेरिया व मध्य आशियाकडे नेऊन टाकिले होते. १९४१ सालच्या करारानंतर त्यांतील जे सुटले ते इराणमार्गे जगभर पांगले. त्यांतील सुमारे ५,००० माणसे, बहुतांशी स्त्रिया व मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवडे येथील छावणीत राहिली. त्याच १९४३ साली, मुंबई बंदरातून सुमारे ७०० पोलिश निर्वासितांस घेऊन एक अमेरिकन जहाज निघाले आणि ती माणसे मेक्सिकोच्या ग्वानाह्वातो प्रांतात, लिओन शहराजवळील सांता रोसा येथे वसतीस गेली. वर्षअखेर आणखी तितकीच तेथे पोचली. एकाच संकटातून निघालेले, एकाच धर्माचे लोक. काहींच्या नशिबी पंचगंगेचा काठ आला, काहींच्या नशिबी झेंडूची जन्मभूमी.

पोलंडमध्येही नोव्हेंबरच्या आरंभी कबरस्थाने दिव्यांनी उजळून निघतात. परंतु जे येथे वारले, त्यांच्या कबरींवर दिवा लावणारे आप्त पुढे हजारो कोस दूर गेले. वळिवड्याच्या बराकींत सिंधी निर्वासितांचे गांधीनगर वसले. तरीही त्या लोकांनी विसर पडू दिला नाही. छावणीत लहानपण घालविलेली मंडळी वृद्ध होऊन, हाती जुनी छायाचित्रे घेऊन कोल्हापुरास येत राहिली. ह्या चित्रात मी कोठे उभा आहे, ही कोणाची बहीण, हे शिक्षक कोण, असे एकमेकांस विचारीत त्यांनी नावे जुळविली. १९९८ साली त्यांनी महावीर उद्यानात स्मारकस्तंभ उभारला. २०१९ साली वळिवड्यातही स्मारक झाले. आणि पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथे, कोल्हापूरचे नाव कोरलेले स्मारक २०१७ पासून उभे आहे. परदेशात पाच वर्षे काढलेल्या लोकांनी जे केले, ते येथेच जन्मलेल्या आम्हांस का करवू नये?

मेक्सिकोची एक शेवटची गोष्ट सांगतो. अलीकडे नोव्हेंबरात तेथील तरुण स्त्रीपुरुष, तसेच अमेरिकेत स्थायिक झालेली मेक्सिकन कुटुंबे, चेहऱ्यावर कवटी रंगवून, डोक्यावर फुलांचा मुकुट घालून हौसेने छायाचित्रे काढून घेतात. आपल्या पूर्वजांचा वारसा मिरविण्याची ती त्यांची रीत आहे; आम्हांस विचित्र वाटली तरी तिच्या पोटी मरणाची भीती नसून आप्तांची माया आहे. ह्या सोंगाचे मूळ होसे ग्वादालुपे पोसादा ह्या खोदचित्रकाराच्या, मोठी टोपी घातलेल्या कवटीच्या चित्रात आहे. हे पोसादाही १८५२ चेच. पूर्ववयात ते ह्याच लिओन शहरी राहत. त्यांचे ते चित्र आज जगभर ओळखीचे झाले आहे. आणि ते स्वतः? १९१३ साली दारिद्र्यात वारले. त्यांच्या अस्थी घेण्यास कोणी आले नाही म्हणून त्या सार्वजनिक खड्ड्यात गेल्या. ज्यांनी सर्व देशास मृतांची मुद्रा दिली, त्यांच्या कबरीवर नावाचा दगड नाही.

म्हणून, धर्मबंधूंनो व भगिनींनो, आमची आपणांस कळकळीची विनंती आहे. नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांच्या नावांची यादी वेदीपाशी ठेवतो. ह्या वर्षापासून यादी लिहितेवेळी घरातील छायाचित्रेही बाहेर काढावी. घरातील सर्वांत वृद्ध मनुष्यास जवळ बसवून, डावीकडून उजवीकडे, एकेक नाव विचारावे. जुन्या जाड कागदावर मऊ पेन्सिलीने कडेला हलके लिहावे. शाईच्या पेनाने लिहू नये, ती पाझरून मुद्रेवर येते. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसल्यास चित्र पाकिटात घालून पाकिटावर लिहावे. नावाबरोबर गाव, वर्ष व प्रसंगही लिहावा. आठवत नसल्यास अंदाजाने नाव घालू नये, जागा मोकळी सोडावी. आल्बम खालच्या खणात न ठेविता पुराचे पाणी पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावा. हल्ली मोबाइलवर हजारो छायाचित्रे निघतात. ती तर अधिकच निनावी असतात. त्यांतील निवडक दहा तरी कागदावर उतरवून घ्यावी व पाठीमागे लिहावे. हे काम एका संध्याकाळचे आहे. मात्र ज्यांस नावे ठाऊक आहेत ते आमच्यांत आणखी किती संध्याकाळ आहेत, हे देवच जाणे.

ह्या स्मरणिकेतील एका छायाचित्राकडे आपले लक्ष वेधून लेखणी खाली ठेवितो. प्रथम कम्युनियनच्या दिवशी ओळीने उभी असलेली अकरा बालके त्यात आहेत. मुलींच्या डोक्यावर पांढरी ओढणी, मुलांच्या हाती मेणबत्ती, मागे दाढीधारी फादर. पाठ कोरी. आम्ही ते चित्र आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध मातेकडे घेऊन गेलो. दृष्टी मंदावलेली, म्हणून त्यांनी ते खिडकीपाशी नेले व एकेका मुखावर बोट ठेवीत नावे सांगितली. पाचव्या मुखापाशी बोट थांबले. "ही मी," त्या म्हणाल्या, आणि पुढे गेल्या. नऊ नावे झाली. उरलेल्या दोन मुलांपाशी त्या बराच वेळ थांबल्या. शेवटी म्हणाल्या, "हे दोघे भाऊ होते. रोज एकत्र येत. नाव ओठावर आहे, पण येत नाही."

ते छायाचित्र आम्ही छापिले आहे. त्याखाली नऊ नावे आहेत, आणि दोन जागा मोकळ्या सोडिल्या आहेत. आपणांपैकी कोणास ती नावे ठाऊक असतील, तर कृपा करून आपल्या प्रतीत तेथे लिहावी आणि आम्हांसही कळवावी. तोवर दुसऱ्या नोव्हेंबरच्या मिस्सेत आम्ही त्यांचे स्मरण करू. परमेश्वरास त्यांची नावे ठाऊक आहेत, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. उणीव आहे ती आमच्या बाजूस.